मास्तरांच्या मुलाने लावलेलं बटण

टेलर मास्तरांच्या मुलाला साधं बटण लावता येत नव्हतं, आणि ही गोष्ट टेलर मास्तरांना माहीत नव्हती. सगळा घोळ तिथून सुरू झाला. मास्तरांच्या सुनेला विचाराल तर ती म्हणेल, घोळ तिच्या लग्नाच्या दिवशीच सुरू झाला. पण तिचं डोकं सध्या ठिकाणावर नाही, तेव्हा तिचं म्हणणं जरा बाजूला ठेवू.

दुकान खाली, घर वर. दुकानात दोन मशिनं, कापायचं लांब टेबल, भिंतीला आरसा, आणि आरशासमोर पोट आत ओढून उभं राहणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘श्वास सोडा, मला खरं माप हवंय’ असं दरडावणारे मास्तर. माप घेणं, कापणं, मशीनवरची शिलाई हे सगळं मास्तरांचं. हाताचं काम, म्हणजे काजं, बटणं, तुरपाई, मुलाकडे. मुलगा संध्याकाळी शर्टांचा गठ्ठा बगलेत मारायचा आणि ‘खाली गिऱ्हाइकांची कटकट असते, वर शांतपणे करतो’ म्हणून जिना चढायचा. वर गेला की तो खिडकीत बसायचा आणि काजं बायको करायची.

पहिल्यांदा तिने केली ती कीव येऊन. लग्नाला महिनाही झाला नव्हता. नवऱ्याने मांडीवर शर्ट घेऊन मोठ्या तन्मयतेने कफाला बटण लावलं, उठायला गेला, तर शर्टही त्याच्याबरोबर उठला. बटण कफातून थेट पँटला शिवलेलं होतं. सूनबाई हसून हसून बेजार झाली, ‘आणा इकडे’ म्हणाली, आणि फसली. त्या दिवसापासून ते काम तिच्या गळ्यात पडलं ते पडलंच. बदल्यात तो तिला गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवायचा. बँकेतला साहेब माप देताना कसा गुदगुल्या झाल्यासारखा वळवळतो, मास्तर कात्री चालवताना जीभ कशी बाहेर काढतात. रागवायचं ठरवून बसलेली ती हसायला लागायची आणि टाका उसवावा लागायचा. एवढा एक गुण होता त्याच्यात. माणसाला धड रागावू द्यायचा नाही.

सकाळी तेच शर्ट खाली जायचे. मास्तर डोळ्याला भिंग लावून एकेक काज तपासायचे आणि समोर जो कुणी असेल त्याला दाखवायचे. ‘हात बघा. लग्न झालं आणि पोराचा हात बसला.’ हे जिन्यात उभं राहून ऐकताना सूनबाईला संताप यायचा. बरंही वाटायचं, आणि बरं वाटतं म्हणून आणखी संताप यायचा.

‘सांगा ना एकदा बाबांना,’ ती म्हणायची. ‘सांगतो ना. मीच सांगतो. तू नको मध्ये पडूस, त्यांना लागेल.’ आज सांगतो, त्यांची सणक उतरली की सांगतो, मोठी ऑर्डर गेली की सांगतो. मग युद्ध आलं आणि त्यालाही बोलावणं आलं. ट्रकमध्ये चढताना, गळ्यात पिशवी अडकवलेली, तरी तेच. ‘आलो की पहिलं काम तेच. तोवर शब्द दे, बोलणार नाहीस.’ तिने शब्द दिला. अशा वेळी दुसरं काय करतं माणूस?

आता काजं कोण करणार? ‘मी करते,’ असं तिने मास्तरांना दुसऱ्याच दिवशी सांगितलं. मास्तर मायेने म्हणाले, ‘तू तुरपाई कर, पोरी. काजाला हात लागतो.’ आपल्या कपाळावर हात मारून घ्यावा की त्यांच्या डोक्यात इस्त्री घालावी हे न कळून ती तुरपाई करायला बसली. मास्तर स्वतः काजं करू लागले. डोळे अधू झालेले, बोटं थरथरणारी. काजं अशी व्हायची की उंदराने कुरतडली असावीत. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायचे, ‘मुलगा आला की बघा.’

मुलगा आला नाही. नदीवरच्या एका ठाण्यावर हल्ला झाला, तिथले तिघे बेपत्ता आहेत, त्यांतला एक तुमचा, इतकंच कळलं. मेला म्हणावं तर तसं कुणी सांगेना, आहे म्हणावं तर दिसेना. वर्ष असंच गेलं. रस्त्यात भेटेल तो विचारायचा, ‘काही कळलं का?’ आणि नाही म्हटलं की असा चेहरा करायचा, जणू कळण्याची जबाबदारी सूनबाईची होती आणि ती तिने टाळली होती. पुढे पुढे ती समोरून कुणी ओळखीचं आलं की पलीकडच्या बाजूने चालू लागली.

मग एका सोमवारी लष्कराच्या कचेरीतून निरोप आला. एक कपडा ओळखायला या.

कचेरी एका बंद पडलेल्या शाळेत थाटली होती. बाकं तीच, फळाही तोच. सासूबाईंना ताप होता म्हणून त्या घरीच राहिल्या. मास्तर आणि सूनबाई पोरांच्या बाकावर गुडघे वर करून बसले. कारकून चांगला माणूस असावा, पण त्याला सर्दी झाली होती आणि तो दर वाक्यानंतर नाक पुसत होता. पूर ओसरल्यावर गाळात एक जवान सापडलाय, तो म्हणाला. चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही राहिलेलं नाही. कॉलरवरचा नंबर धुऊन गेलाय. त्या तिघांपैकीच एक, हे नक्की. बाकीच्या दोन घरच्यांना शर्टावरून काही सांगता आलं नाही. शुक्रवारपर्यंत कुणी ओळखलं नाही तर तिकडेच बिननावाचा पुरतील.

आणि त्याने शर्ट बाकावर पसरला.

मास्तरांनी आधी टेप काढली. खांदा मोजला, छाती मोजली आणि नाक मुरडलं. लष्कराचं माप, म्हणाले, सगळ्यांना चढतं आणि एकालाही बसत नाही. मग त्यांची नजर छातीवरच्या खिशाकडे गेली. सूनबाईची आधीच गेली होती.

खिशाचं बटण कधीतरी तुटलं होतं आणि कुणीतरी ते पुन्हा लावलं होतं. लावलं होतं म्हणजे काय, तर खिशाची झडप, खिसा आणि शर्टाची छाती या सगळ्यांतून सुई आरपार घालून खिसा कायमचा बंद करून टाकला होता. बटणाभोवती दोरा हवा तेवढा गुंडाळला होता. आणि शेवटी, दोरा संपवायचा कसा हे न सुचून, त्याची बुटाच्या नाडीसारखी दोन फाशांची गाठ मारली होती. पुरातून, गाळातून ती गाठ तशीच आली होती.

 ती गाठ सूनबाईने घरातल्या दहा ठिकाणी सोडवली होती. उशीच्या अभ्र्यावर, स्वतःच्या पोलक्यावर, एकदा तर स्वयंपाकघराच्या पडद्यावर. त्याच्या पायाचा आवाज ती जिन्यावर जशी ओळखायची, तशीच तिने ही गाठ ओळखली.

‘हे कुणी केलंय?’ मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, पण रागाने नव्हे. ‘साहेब, खिसा बंद शिवलाय याने. आणि ही गाठ बघा. बूट आहे की शर्ट?’

‘घाईत शिवलं असेल,’ कारकून म्हणाला. ‘लढाई असते तिकडे.’

‘घाई मला सांगू नका. माझा मुलगा शिंपी आहे. झोपेत सुई दिली तरी हे असलं करणार नाही. त्याचा हात मी ओळखतो.’ मास्तर हसायला लागले. वर्षभरात ते पहिल्यांदा हसत होते. टेप गुंडाळायला गेले तर ती हातातून सुटून बाकाखाली पडली. ‘हा माझा मुलगा नाही. लिहा तसं. हा नाही.’

 सूनबाई बाकाखाली वाकली, टेप उचलली आणि त्यांच्या हातात दिली. ते अजून हसतच होते. त्या चेहऱ्याकडे बघून कुणाला काही बोलता आलं असतं तर त्याने येऊन बोलून दाखवावं.

घरी पोचेपर्यंत मास्तरांना दम निघाला नाही. जिन्यातूनच सासूबाईंना सांगू लागले. खिसा कसा बंद केलाय, दोरा कसा गुंडाळलाय, गाठ कशी मारलीय, आणि असल्या अडाण्याला आपला मुलगा समजून कचेरीवाल्यांनी आपल्याला कसं बोलावलं. सासूबाई दाराच्या चौकटीला धरून ऐकत होत्या. ‘बरं झालं,’ एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या अंगात वारं शिरलं. ताप गेला कुठल्या कुठे. मुलाच्या खोलीतले पडदे काढून धुतले. त्याचे बूट उन्हात ठेवले. शेजारणींना सांगितलं, तो नाहीच तो, आमच्या ह्यांनी शिलाईवरून ओळखलं. शेजारणी सूनबाईचं अभिनंदन करायला आल्या. तिने सगळ्यांना चहा केला आणि कपबश्या इतक्या जोरात आपटून धुतल्या की एका कपाचा कान तुटला.

तिला नवऱ्याचा इतका राग येत होता की रडूही येईना. चारचौघांत ती त्याला ‘अहो’ म्हणायची, मनात नेहमी ‘अरे’. अरे, जन्मभर तुझी काजं केली. आता तुझं मरणही मीच शाबीत करू का? आणि ते न करावं तर शुक्रवारी तुला कुणाचा कोण म्हणून खड्ड्यात घालतील, आणि मी इथे तुझ्या बुटांना पॉलिश करत म्हातारी होईन.

बुधवारी तिने मास्तरांना आडून सांगून पाहिलं. बाबा, माणूस दमलेला असेल, हात गारठलेले असतील. मास्तर म्हणाले, गारठला तरी हात तो हात. तू नाही समजायचीस, पोरी, हे कसबाचं काम आहे. तिने खाली बघून तुरपाईचा दोरा दाताने तोडला. दुसरं काहीतरी तोडावंसं वाटत होतं.

गुरुवारी सकाळी सासूबाई गच्चीत मुलाची गादी काठीने झोडपत होत्या. धूळ निघायची थांबली होती, तरी झोडपणं चालूच होतं.

‘आई, गादी फाटेल.’

‘फाटू दे. तो आला की नवी भरू.’

‘आई, ते बटण,’ सूनबाई म्हणाली आणि तिचा धीर सुटला. शब्द दिला होता तो गेला खड्ड्यात. ‘ते बटण त्यांनीच लावलंय. त्यांना शिवता येत नव्हतं. एकसुद्धा काज त्यांनी केलेलं नाही, सगळी मी केली.’

‘तू त्याला मारायलाच निघालीस का?’ सासूबाईंनी गादीवर आणखी दोन काठ्या हाणल्या. मग काठी थांबली. पाठमोऱ्याच राहून त्यांनी विचारलं, ‘गाठ तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलीस?’

‘पाहिली.’

‘दोन फासे?’

‘दोन फासे. बुटाच्या नाडीची.’

सासूबाई गादीवर बसल्या. ‘मीच शिकवली ती गाठ,’ त्या म्हणाल्या. ‘लहान होता, बूट बांधायला शिकवली. सुईदोऱ्याची गाठ वेगळी असते, असं नंतर किती सांगितलं. तर म्हणायचा, हिला काय धाड भरलीय? शेवटी मीच नाद सोडला. तू यायच्या आधी काजं मी करत होते.’

सूनबाई बघतच राहिली. ‘म्हणजे सोमवारीच कळलं होतं तुम्हाला?’

‘जिन्यातच कळलं.’

‘आणि हे पडदे, बूट? ही गादी?’

‘गादीला ऊन दाखवायला माणूस जिवंत लागतो का?’ सासूबाई खेकसल्या, आणि मग त्यांचा चेहरा आवळत गेला आणि त्या रडायला लागल्या. सूनबाई त्यांच्याशेजारी बसली. दोघी त्या गादीवर बसून खूप रडल्या. मध्येच सूनबाईच्या मनात आलं, दोन बायका एका माणसाची काजं करत राहिल्या आणि एकमेकींना पत्ताही नाही. तिला हसू फुटलं, आणि त्या हसण्याचं पुन्हा रडणं झालं.

‘ह्यांना तू सांग,’ सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. ‘मला नाही जमायचं. आणि नुसतं सांगू नकोस, करून दाखव. ऐकून ह्यांनी आयुष्यात काही मानलेलं नाही.’

सूनबाई खाली गेली. मास्तर एका शाळामास्तरणीचा ब्लाउज आणि तिच्या नवऱ्याचा शर्ट पुढ्यात घेऊन बसले होते. ते नवराबायको दोनदा येऊन चिडून गेले होते. तिने त्यांच्या हाताखालून शर्ट ओढून घेतला आणि नवऱ्याच्या स्टुलावर जाऊन बसली.

‘अगं, गिऱ्हाइकाचा आहे तो,’ मास्तर म्हणाले.

 तिने खडूच्या खुणेवर चीर दिली, कडेने धावदोरा घातला आणि काज भरायला घेतलं. टाक्याला टाका लागून, दर टाक्याला फास ओढून घट्ट. टोकाला तिने टाके पंख्यासारखे फिरवले, आडवी पट्टी भरली, दोरा आतल्या बाजूला जिरवला आणि शर्ट त्यांच्यापुढे ठेवला.

मास्तरांनी भिंग लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. मग हनुवटी छातीला टेकवून स्वतःच्या अंगातल्या शर्टाचं काज पाहिलं. मुलाने केलेलं म्हणून तो शर्ट ते फार मिरवायचे.

‘हे?’ त्यांनी विचारलं.

‘तेही मीच.’

‘बँकेतल्या साहेबांचा कोट?’

‘तोही.’

‘सगळी?’

‘लग्नानंतरची सगळी. आधीची आईंची.’

‘मग त्याने काय केलं?’ मास्तर म्हणाले. ‘काहीतरी केलं असेल ना? एखादं बटण तरी?’

‘एक बटण लावलं, बाबा,’ सूनबाई म्हणाली. ‘तुम्ही पाहिलंत ते सोमवारी.’

मास्तरांनी भिंग टेबलावर ठेवलं. तिला वाटलं, ते ओरडतील, आणि ओरडावं असंही वाटलं. ते उठले, दुकानाचं दार भर दिवसा लावून घेतलं आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले.

‘तिथेच बोलायचंस ना,’ ते म्हणाले. ‘कचेरीत.’

‘कशी बोलणार? तुम्ही हसत होतात.’

त्यांचे खांदे हलू लागले. तिने त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि रडणाऱ्या सासऱ्याचं काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. तिने दुसरं काज भरायला घेतलं. ‘गाढव,’ मास्तर दाराला म्हणाले. ‘मला सांगितलं असतं तर मी काय त्याला खाल्लं असतं?’ तिला मनातून वाटलं, हो, थोडंफार खाल्लंच असतं; पण तिने नाही म्हणून मान हलवली.

शुक्रवारी तिघंही कचेरीत गेली. कारकुनाची सर्दी बरी झाली नव्हती. तो वैतागला होता. ‘सोमवारी नाही म्हणालात. आज हो म्हणताय. वर विचारतील मला. ओळखीची खूण काय?’

‘शिलाई,’ मास्तर म्हणाले.

‘शिलाईवरूनच तर तुम्ही नाही म्हणाला होतात.’

‘शिलाई वाईट आहे,’ मास्तर म्हणाले. शेजारच्या बाकावर दुसरी माणसं बसली होती, गावातली, मास्तरांकडे कपडे शिवणारी. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला नाही. ‘माझ्या मुलाला शिवता येत नव्हतं. मला माहीत नव्हतं. त्याच्या आईला माहीत होतं, बायकोला माहीत होतं. त्यांनी ओळखलं. मी बाप असून ओळखलं नाही, असं लिहा.’

एवढं लिहायला जागा नाही, असं कारकून म्हणाला, पण काहीतरी लिहिलं. सासूबाईंनी शर्ट मांडीवर घेतला होता आणि त्या गाठीवर बोट फिरवत बसल्या होत्या. कारकुनाने नाव विचारलं, वय विचारलं. हेच पुढे पाटीवर येईल, म्हणाला, तेव्हा नीट सांगा. मग त्याने नाक पुसलं.

‘धंदा?’

मास्तरांनी तोंड उघडलं. एरवी हा शब्द त्यांच्या तोंडून प्रश्न संपायच्या आत बाहेर पडला असता. आज पडेना. ते सुनेकडे बघू लागले, सासूबाईही बघू लागल्या, आणि लेखणी उचलून धरलेला कारकूनही.

सूनबाईला वाटलं, झालं, हेही माझ्याकडेच आलं. मरून वर्ष झालं तरी या माणसाचं अर्धवट काम आपल्याच मांडीवर येऊन पडायचं. तिला इतका राग आला, आणि तो माणूस इतका हवाहवासा वाटला, की घटकाभर तिला समोरचं काही दिसलं नाही.

‘शिंपी लिहा,’ ती म्हणाली.

‘अहो, पण आत्ताच हे म्हणाले, शिवता येत नव्हतं.’

‘म्हणाले असतील. शिंपी लिहा तुम्ही. आणि जरा नीट अक्षरात लिहा, कोरणारा माणूस तेच बघून कोरणार आहे.’